द्राक्षाच्या पेटीतला कागद

फाटकावर मराठी पाटी लागली, त्याच्या पुढच्याच रविवारी दोन कुटुंबं डबे, सतरंजी आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन आमच्याकडे आली. पाटीवर लिहिलं होतं ‘संशोधन उद्यान’. मी त्या दिवशी काही कामासाठी ऑफिसात होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, “ताई, झोके मागच्या बाजूला आहेत का?” इथे झोके नाहीत, प्रयोगशाळा आहेत, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी कडुनिंबाखाली सतरंजी टाकली, जेवले, सगळा कचरा पिशवीत भरून घेतला आणि निघाले. जाताना त्या बाई म्हणाल्या, “पण मग इथं करतात तरी काय?”

हा प्रश्न मला नोकरी संपेपर्यंत पुरला. घरीही पुरला.

माझं आडनाव पगार. आम्ही मूळचे कळवणकडचे. विद्यापीठात येण्याआधी मी अंबडच्या एका कारखान्यात माल तपासणीच्या विभागात होते आणि तिथे ‘पगार आले का?’ या प्रश्नावर दर महिन्याला हशा व्हायचा. विद्यापीठाने नाशिकच्या बाहेर हे उद्यान काढलं, तेव्हा त्यांना कारखाना आतून पाहिलेलं माणूस हवं होतं. म्हणून मी उद्योग समन्वयक झाले. काम सांगायला सोपं होतं. विद्यापीठात जाणकार माणसं आहेत, यंत्रं आहेत. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत अडचणी आहेत. या दोघांची गाठ घालून द्यायची. कारखान्याने आमच्याकडे जागा घ्यायची, अडचण सांगायची, प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावर काम करायचं. प्राध्यापक म्हणायचे, “दोन वर्षं लागतील.” कारखानदार म्हणायचा, “मंगळवारपर्यंत होईल का?” या दोघांच्या मधे जी खुर्ची असते, ती माझी.

त्या खुर्चीवरून मी तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. एक गृहस्थ बिनइंधनाचं इंजिन घेऊन आले होते. त्यांना संशोधन नको होतं, फक्त शिक्का हवा होता. इंजिन चालू करून दाखवा म्हटल्यावर म्हणाले, “आधी शिक्का द्या, मग चालू करतो.” काही कंपन्यांना पुडक्यावर छापायला तेवढं विद्यापीठाचं नाव पाहिजे असायचं. येवल्याचे दोन विणकर भाऊ मात्र खरी अडचण घेऊन आले. त्यांच्या पैठणीचा लाल रंग धुताना काठावर उतरत होता. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी त्यांच्या नव्या बोअरचं पाणी तपासलं आणि दोष रंगात नाही, पाण्यात आहे, हे सांगितलं. पुढच्या खेपेला ते भाऊ नवा पदर नुसता दाखवायला घेऊन आले. टेबलावर उलगडला, आम्ही सगळ्यांनी पाहिला, त्यांनी घडी घातली आणि एसटी पकडायला गेले. अशा दिवशी घरी जाताना मला माझं काम कुणालाही सांगता आलं असतं.

पण मला लिहायचं आहे ते दिनकर सानप आणि प्रज्ञा गांगुर्डे या दोघांबद्दल.

सानपांचा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. ते द्राक्षाच्या पेटीत ठेवायचा कागद बनवायचे. ज्यांनी निर्यातीची पेटी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्ष वेलीवरून तोडलं की पुढे पिकत नाही, नुसतं खराब होत जातं, आणि जहाजाने परदेशी पोहोचायला तर आठवडे लागतात. म्हणून पेटी बंद करण्याआधी घडांवर एक कागद ठेवतात. दोन थरांच्या मधे पूड असते. पेटीतल्या ओलाव्याने ती पूड गंधकाचा वायू सोडते आणि बुरशी धरत नाही. वायू हळूहळू सुटला तर द्राक्ष टिकतं. एकदम सुटला तर मणी पांढरे पडतात. सानपांची तक्रार तीच होती. उन्हाळा वाढला की त्यांच्या कागदातून वायू एकदम सुटायचा आणि गिऱ्हाईक ओरडायचं.

“मॅडम, मी काही शिकलेला नाय,” पहिल्या भेटीत ते म्हणाले. “कागद कसा करायचा ते मला कळतं. तो असा का वागतो ते तुमच्या लोकांनी सांगावं.”

हे काम डॉक्टर देवरे सरांकडे गेलं आणि त्यांनी ते पीएचडीसाठी प्रज्ञाला दिलं. प्रज्ञा देवळाली कॅम्पची. वडील छावणीत मुलकी नोकरीला, आई घरी शिवणकाम करायची. तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, तराजूवरचे आकडे नाचायचे आणि बाकीचे विद्यार्थी वैतागायचे. प्रज्ञाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. ती आकडे स्थिर होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायची.

सानपांचं आणि तिचं चांगलं जमलं. ते तिला ‘गांगुर्डेबाई’ म्हणायचे, ती त्यांना ‘काका’. कारखान्यात ती आली की ते स्वतः तिला गोदामात घेऊन जायचे. पहिल्याच वर्षी तिने दोष शोधून काढला. कागदाचे दोन थर जिथे चिकटवतात तिथे दमट हवा शिरायची आणि पूड गोदामातच ओली व्हायला लागायची. मग तिने पुडीच्या कणांवर मेणासारखा पातळ लेप देऊन पाहिला. प्रयोगशाळेत तरी वायू हळू सुटू लागला; कारखान्यात तो कागद बनायला अजून अवकाश होता. सानप इतके खूश झाले की प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना त्यांनी द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या.

इथवर सगळं आमच्या माहितीपत्रकात छापण्यासारखं होतं.

दुसऱ्या हंगामात प्रज्ञा नमुने आणायला दिंडोरी भागातल्या पॅकिंग हाऊसमध्ये जाऊ लागली. तिथे टेबलांवर बायका पेट्या भरतात. बऱ्याच जणी हंगामापुरत्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवरून आलेल्या असतात. प्रज्ञाच्या लक्षात आलं की कागदाचं बंडल फोडायची वेळ आली की बायका तोंडाला पदर लावतात आणि एकमेकींकडे बंडल सरकवतात.

“बंडल फोडलं का डोळ्याला लय झोंबतं,” कमलताई नावाच्या बाईने तिला सांगितलं. “घसा बसतो. पण कोणी तरी फोडायलाच लागंल ना.”

बंद बंडलात आधीच ओली झालेली पूड वायू सोडत असायची. तो साठून राहायचा आणि फोडणाऱ्या बाईच्या तोंडावर यायचा. प्रज्ञाने बंडलांच्या तोंडाशी वायू मोजला आणि आकडे पाहून ती घाबरली. तिने ते देवरे सरांना दाखवले. सरांनी सानपांना फोनवर सांगितलं. सानप म्हणाले, बंडलं उघड्यावर फोडा म्हणून पॅकिंगवाल्यांना कळवतो. कळवलंही असेल. हंगामाच्या घाईत ते कोण ऐकतं?

पुढच्या आठवड्यात कमलताईंना बंडल फोडताना श्वास लागला आणि त्या टेबलापाशीच कोसळल्या. त्यांना दम्याचा त्रास होता, हे नंतर कळलं. जीपमध्ये घालून नाशिकच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं, हे काम पुन्हा करायचं नाही. कमलताईंना गावी पाठवून दिलं आणि त्यांच्या जागी दुसरी बाई आली. कागद तोच होता.

प्रज्ञाने प्रबंधात एक नवं प्रकरण घातलं. बंडलातला वायू, पॅकिंग हाऊसमधली मोजमापं, बायकांच्या तक्रारी, सगळं. करारानुसार छापण्याआधी प्रबंध कंपनीला दाखवावा लागायचा. सानपांनी वाचला, म्हणजे भाच्याकडून समजून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. बसले नाहीत.

“मी तुमच्याकडं दुखणं दाखवायला आलो आणि तुम्ही त्याचीच दवंडी पिटायला निघालात. हे प्रकरण काढा.”

“नाव कुठेच नाही, सानपसाहेब. ‘एक स्थानिक उत्पादक’ एवढंच लिहिलंय.”

“नाशकात असे किती उत्पादक हायत, मॅडम? शेंबडं पोरगंबी ओळखंल.” मग ते म्हणाले, “करारात लिहिलंय ना, मी थांबवू शकतो. मग थांबवा. एक हंगाम थांबवा.”

आमच्या प्रत्येक करारात ते कलम असतं. संशोधन छापून बाहेर आलं की त्यातली युक्ती कुणीही उचलू शकतं. म्हणून पेटंटचा अर्ज होईपर्यंत कंपनीला छपाई थोपवता येते. हे कलम नसेल तर कुठलाच कारखानदार आमच्या दारात येणार नाही, आणि आजही मी ते कलम काढा असं म्हणणार नाही. पण ते युक्ती जपण्यासाठी होतं, दोष झाकण्यासाठी नव्हतं. मी सानपांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “असं कुठं लिहिलंय?”

नव्हतं लिहिलेलं.

देवरे सर भले माणूस, पण त्यांना भांडण सोसत नसे. त्यांनी प्रज्ञाला सुचवलं, हे प्रकरण बाजूला ठेव, लेपाचं काम एकटंच पीएचडीला पुरेसं आहे. पदवी मिळाल्यावर हे स्वतंत्र छाप. हिशेबात ते चुकीचं नव्हतं. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि घरी लग्नाचं बोलणं चालू होतं.

प्रज्ञा माझ्यासमोर बसली होती. आवाज चढवला नाही तिने. “मॅडम, लेप कशासाठी, हे सांगितल्याशिवाय लेप सांगायचा कसा? मणी पांढरे पडतात म्हणून? कमलताई मण्यांमुळे पडल्या नाहीत.”

“आणि हंगामभर थांबलीस तर?”

“मी थांबेन हो. पण पुढच्या जानेवारीत बंडल कोण फोडणार?”

मी सिन्नरला गेले. सानप मशीनजवळ उभे होते. तिथे गावातल्या बायका आणि सानपांच्याच नात्यातले काही जण काम करत होते. कागदाचा रुंद पट्टा रुळांवरून सरकत होता आणि त्यावर पूड पडत होती. मी म्हटलं, “तुम्ही एकदा कमलताईंना भेटून या.”

“मी भेटून काय करू? मी काय डॉक्टर हाय?” मग कामगारांकडे हात करून हळू आवाजात म्हणाले, “मोठ्या निर्यातदाराने माल बंद केला तर या सगळ्यांना काय सांगू? प्रबंध आला म्हणून घरी जा?”

मी तपासणी विभागात होते तेव्हा दोषाचा माल थांबवायचे. पण तेव्हा फक्त माल थांबायचा, माणसं थांबायची नाहीत. माझ्या खुर्चीला अधिकार एवढाच होता की दोघांना एका टेबलाशी आणायचं. एक माणूस टेबलाशी यायलाच तयार नसेल तर त्या खुर्चीचा काही उपयोग नव्हता.

उद्यानाच्या समितीपुढे विषय गेला. करार म्हणजे करार, असा निर्णय झाला. प्रबंध अडकला. प्रज्ञा रोज येत राहिली, लेपाचे प्रयोग करत राहिली. सानपांचे फोन तिने घेतले, विचारलेल्या गोष्टी नीट सांगितल्या. पण ‘काका’ म्हणणं बंद झालं. ते सानपांनाच जास्त लागलं असावं. एकदा त्यांनी मला फोनवर विचारलं, “गांगुर्डेबाई रागावल्यात का?” मी म्हटलं, “तिलाच विचारा.” त्यांनी फोन ठेवला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते न सांगता आले. या वेळी खुर्चीत बसले. अंगावर प्रवासाची धूळ होती.

“पेठकडं जाऊन आलो,” ते म्हणाले. “त्या बाईकडं.”

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

“मला वाटलं, शिव्या देईल. तयारी ठेवून गेलो होतो. तिला तर मी कोण तेच माहीत नव्हतं. मी सांगितलं, तो कागद माझा. तर म्हणाली, ‘बसा ना.’ चहा टाकला. चुलीचा धूर झाला आणि खोकला सुरू झाला तिचा. थांबंना. तिची सून पाणी घेऊन धावली. मी म्हणतोय, राहू द्या चहा, राहू द्या. पण तिनं खोकत खोकत चहा गाळला आणि माझ्या हातात दिला. आणि मला विचारती, ‘साहेब, यंदा मला नाय जमायचं, सुनेला लावून घ्याल का पेट्या भरायला?’”

त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडावरची धूळ पुसली.

“प्रकरण ठेवा,” ते म्हणाले. “फक्त माझ्या गिऱ्हाइकांना मला आधी सांगू द्या. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको त्यांना.”

आणि त्यांनी सांगितलं. आमच्याच ऑफिसात बसून पहिले काही फोन केले, मी ऐकत होते. जुन्या मालात दोष आहे, वापरू नका, गोदामात असेल तो परत पाठवा, नवा कागद तयार होतोय. काहींनी ऐकून घेतलं. मोठा निर्यातदार म्हणाला, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला हे दिलंत? आणि त्याने परस्पर दुसरा पुरवठादार गाठला. जी भीती सानपांनी मला मशीनजवळ उभं राहून सांगितली होती, ती खरी ठरली. कागदाचं एक मशीन बंद झालं. त्यांनी काही माणसं खोकी बनवण्याच्या कामाला लावली. काहींना कामावरून कमी करावं लागलं. मी हे लिहिते आहे कारण चांगलं वागल्यावर सगळं चांगलं झालं, असं कुणाला वाटू नये. तसं झालं नाही.

पीएचडीची शेवटची परीक्षा सगळ्यांसमोर होते. उमेदवार आपलं काम मांडतो, बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारतात, सभागृहात कुणीही येऊन बसू शकतं. प्रज्ञाचे आईवडील पुढच्या रांगेत होते. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते क्षणभरही पाठ टेकून बसले नाहीत. सानप उशिरा आले आणि मागे दाराजवळ बसले. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते स्वतःहून आले होते, मला माहीत नाही.

परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले, कडक माणूस. लेपाबद्दलचे प्रश्न झाले. मग त्यांनी ते प्रकरण उघडलं. “हे आकडे फार जास्त आहेत. नमुने कोणत्या कारखान्याचे?”

“करारामुळे नाव देता येत नाही, सर,” प्रज्ञा म्हणाली.

“मग नमुने कसे निवडले? तुम्ही मुद्दाम खराब बंडलं उचलली नाहीत, हे मी कशावरून मानायचं?”

“सर, नमुने पॅकिंग हाऊसमधून आणि कारखान्याच्या गोदामातून घेतले. त्यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे पडताळा नाही.”

देवरे सरांनी काहीतरी बोलण्यासाठी खुर्ची सरकवली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“साहेब, कारखाना माझा हाय.”

सगळ्या माना वळल्या. सानप उभे होते, पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून.

“दिनकर सानप, सिन्नर. गोदामातली बंडलं त्यांनी निवडली नाहीत. मी निवडून दिली. माझा माल चांगला दिसावा म्हणून चांगली चांगली बघून दिली होती. त्यांना ते माहीत नव्हतं.”

परीक्षकांनी चष्मा काढला, सानपांकडे पाहिलं, मग प्रबंधाकडे. “बसा,” ते म्हणाले. आणि प्रज्ञाला अगदी वेगळ्या सुरात म्हणाले, “पुढचं सांगा.”

निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या. मी दाराकडे पाहिलं तर सानप निघाले होते. मी मागे गेले आणि त्यांना गाडीपाशी गाठलं.

“थांबा ना. पेढे वाटतायत.”

“दिंडोरीहून परत आलेल्या मालाचा ट्रक कारखान्याच्या फाटकात उभाय. उतरवून घ्यायचाय.”

“तुम्ही उठायची गरज नव्हती. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं.”

त्यांनी गाडीचं दार उघडलं. “तिला विचारलं होतं ना, मॅडम. माझं नाव ठाऊक असून तिला सांगता येईना. ते माझ्यापायी.” आणि ते गेले.

मी आत आले. प्रज्ञाची आई पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांमधून फिरत होती. तिने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि हळूच विचारलं, “मघाशी मागं उभे राहिले ते कोण होते हो? नाव नीट ऐकू आलं नाही.”

त्यांच्या कारखान्याचं नाव सांगावं, हुद्दा सांगावा, काय सांगावं, मला सुचेना. मी म्हटलं, “प्रज्ञाच्या या कामात निम्मा वाटा त्यांचा आहे.”

“अगं बाई, मग त्यांचा पेढा राहिलाच की.” तिने पुड्यातले दोन पेढे काढले, पर्समधल्या स्वच्छ रुमालात बांधले आणि माझ्या हातात दिले. “तुम्ही द्याल ना त्यांना?”

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि सिन्नरला गेले.